कातळावरचे तांडेल

दाऊद तांडेलांना कुणी रोगट झाड दाखवायला नेलं, की ते त्या झाडाकडे पाठ करून उभे राहत. झाडाचा मालक बिचारा फांदी वाकवून, पान उलटं करून दाखवत असायचा आणि हे कमरेवर हात ठेवून विहीर, गोठा, शेजारचा दगडी गडगा, गवताची उडवी असं काय काय बघत बसत. मालकाचं सांगून संपलं की विचारत, "घरात माणसं किती?" कलमाला मोहोर का धरत नाही हे विचारायला आलेल्या माणसाला घरातली तोंडं मोजून दाखवावी लागत. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा राग आला, कारण त्या दिवशी झाड दाखवणारा मी होतो आणि माझ्या खिशात शेतकी खात्याचं नेमणूकपत्र होतं.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. खात्यात मदतनीस म्हणून लागल्यावर माझी पहिली नेमणूक जयगडच्या खाडीकाठच्या एका गावात झाली. मी सातारकडचा. आमच्याकडे नांगर घातला की काळी माती वर येते. इथे पायाखाली जांभ्याचा तांबडा कातळ, आणि उतारावर पायऱ्या पाडाव्यात तशी भाताची खाचरं. ही काय शेती, असं मी पहिले पंधरा दिवस घरी पत्रांतून कळवत होतो. राहायला खोली मिळाली ती दाऊद तांडेलांच्या, म्हणजे सगळ्या गावाच्या चाचांच्या, पडवीला लागून. भाडं ठरवायला गेलो तर ते म्हणाले, "भाड्याचं चाचीला इचार. मला फकस्त सांग, तू सकाळचा कवा उठतंस?" मी सहाला म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, पण ती पसंतीची होती की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. चाचांनी उमेदीची सगळी वर्षं कौलं, मीठ आणि सुपारी भरून मुंबईपासून मलबारपर्यंत शिडाचं गलबत हाकलं होतं. पुढे माल ट्रकने जायला लागला, इंजिनाच्या लाँचा आल्या, आणि साठीला टेकलेल्या चाचांनी गलबत विकून कातळावर थोडी आंब्याची कलमं आणि दोन खाचरं घेतली. त्यांचं बोलणं मात्र समुद्रावरच राहिलं. शेताच्या मधोमध कुणी गोठा बांधला की "मधी वजन वाढलं" म्हणत. कुणी बागेत मजूर वाढवले की म्हणत, "शीड वाढवलंन, सुकाणू त्येच ठेवलंन." गावातले लोक हसत, पण अडलं की त्यांच्याकडेच येत.

त्यांचा एक सिद्धांत होता. पडवीत बसून बशीतून चहा ओढता ओढता तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला. "गलबतात पानी याया लागलं की नवा खलाशी भोक शोधतो. मी माल कुटं भरलाय ता बगतो. गलबत कललेलं असलं तर बिनभोकाचं पन पानी आत येतं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारा छान बोलतो. त्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल अशी मला शंकाही आली नाही.

चाचा देवमाणूस वगैरे नव्हते. हेकट होते, आणि त्यांच्या सिद्धांताचं त्यांना जरा वेडच होतं. एकदा वाडीतल्या एकाची गाय लंगडायला लागली. चाचांनी नेहमीप्रमाणे गायीकडे पाठ केली, तासभर गोठा, चारा, पाण्याचा डोणा तपासला आणि गोठ्याची जमीनच बदलायला सांगितली. त्या माणसाने दोन दिवस खपून जमीन उकरली. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने गायीच्या खुरातून बोटभर लांबीचा काटा काढला. चाची महिनाभर त्यांना "काटेवाले तांडेल" म्हणून हाक मारत होत्या. त्यावर चाचा एवढंच म्हणाले, "व्हय, कदी कदी काटा म्हंजे काटाच असतो." तेव्हापासून ते आधी खूर बघायला लागले, हेही सांगितलं पाहिजे.

आता लक्ष्मीबद्दल. चाचांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कुणबीवाडी सुरू व्हायची, त्यातलं पहिलं घर तिचं. नवरा सखाराम पूर्वी चाचांच्या गलबतावर खलाशी होता, नंतर मुंबईला गिरणीत लागला. घरी ही, दोन मुली, दोन बैल आणि एक गाय. खाली ओहोळाकाठी तिची चार खाचरं, वर उतारावर तीन, आणि त्याच्याही वर वरकस, म्हणजे गवताची माळजमीन. वय असेल तिशीचं. कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची. तिचं भात तीन वर्षं घटत चाललं होतं, आणि मी तिच्या शेतावर गेलो तो हे घटतं भात सुधारण्यासाठीच.

त्या सुमारास जपानी पद्धतीच्या भातशेतीचा सगळीकडे बोलबाला होता. गादीवाफ्यावर रोपं, भरपूर कंपोस्ट, आणि दोरी लावून ओळीत लावणी. मला तालुक्यात एक प्रात्यक्षिक उभं करायचं होतं. लक्ष्मीचं ओहोळाकाठचं एक खाचर मी निवडलं आणि जीव ओतून ते केलं. तिच्या उकिरड्यातलं सगळं खत त्यात घातलं. लावणीच्या वेळी वाडीतली माणसं तिच्याकडे आली होती. तिथे मजूर लावत नाहीत. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या, असे वार ठरलेले असतात. त्या वारांतली दोन माणसं मी नुसती दोरी धरायला उभी केली. ज्या दिवसांत सात खाचरं लागून व्हायची, त्या दिवसांत माझं एक खाचर झालं आणि तिचे वार संपून गेले. उरलेली सहा तिने मुलींना घेऊन, बैलांना काठीने ढकलत, मागाहून कशीबशी लावली.

खाचर मात्र असं आलं की बघत राहावं. वरिष्ठ साहेब जीपमधून आले, फोटो निघाला, तालुक्यातले शेतकरी बघून गेले. मी तर हवेतच होतो. चाचा एकदा बांधावर येऊन उभे राहिले, खाचराकडे पाठ करून, आणि तसेच निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला हेवा वाटला.

शिमग्याला सखाराम मुंबईहून आला तेव्हा लक्ष्मीची भाताची कणगी रिकामी होती. माझ्या खाचरातलं भात धरूनसुद्धा रिकामी. तिच्या घरात त्याआधी असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांत वाईट वर्षातही होळीपर्यंत भात पुरायचं. सखाराम काही दुष्ट माणूस नव्हता. मुंबईला एका खोलीत आठ जणांबरोबर राहून, पाळ्या करून थकलेला होता. तो चाचांच्या पडवीत येऊन म्हणाला, "चाचा, आता बास झालं. बैल इकतो, जमीन चुलत भावाला करायला देतो आनि हिला न् पोरींना घेऊन जातो. पोटापुरतं पिकत नाय तर ही हितं कशाला राबते?"

लक्ष्मी अंगणात उभी होती. ती म्हणाली, "मला नाय जायचं. तितं मी काय करू? नळाशी बारी लावून उभी ऱ्हाऊ? हितं मी माज्या मनाची हाय." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "सायब, तुमचा तुकडा बगायला तालुका आला. माजी कणगी बगायला कोन आलं नाय."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ वरिष्ठांनी झापलं आहे. त्यातलं एकही वाक्य मला आज आठवत नाही. हे मात्र शब्दाशब्दासकट आठवतं.

चाचांनी सखारामला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "एक पावसाळा दे. माज्या जबानीवर दे." ज्या माणसाच्या शब्दावर सखारामने सहा वर्षं दर्यात गलबत लोटलं होतं, त्याला नाही म्हणणं त्याच्याच्याने झालं नाही. पण त्याने अट घातली. पुढच्या शिमग्याला कणगीत भात नसलं तर बैल जाणार आणि लक्ष्मीने निमूट मुंबईला यायचं. लक्ष्मीने मान हलवली.

सखाराम गेल्यावर मी चाचांना म्हटलं, माझ्यामुळे झालं हे, आता काय करू? मला वाटलं, ते माझी समजूत घालतील. ते म्हणाले, "व्हय, तुज्यामुळं झालं. आता उद्यापासनं तिच्या मागं फिर. काय सुदारू नको. नुस्तं बग, आनि तिला इचार."

मी महिनाभर तेच केलं. लक्ष्मी कुठे जाते, काय वाहते, काय कापते, कशाची वाट बघते. जी कामं त्या महिन्यातली नव्हती ती तिला आणि शेजाऱ्यांना विचारून घेतली. चाचांनी सारवलेल्या पडवीत कोळशाने बारा महिन्यांची बारा घरं आखली होती. रोज संध्याकाळी मी आलो की ते विचारत आणि मी एकेक काम ज्या त्या महिन्याच्या घरात लिहायचो. वरच्या अंगाला हातांची कामं, खालच्या अंगाला कोण काय खातं ते. माणसं, बैल, गाय, एवढंच नाही तर खाचर काय खातं हेसुद्धा. चाची सारवण करताना त्या चौकटीभोवती हात फिरवत, आणि "हा दर्याचा नकाशा कधी पुसायचा?" म्हणून रोज विचारत.

पंधरा-वीस दिवसांनी आश्विन-कार्तिकाच्या घरात कोळसा मावेना. भातकापणी तिथे, नाचणी तिथे, झोडणी तिथे, गवतकापणी तिथे. चैत्राच्या घरात मात्र रेघ ओढायला जागा मोकळी. चाचांनी त्या काळ्या झालेल्या घरावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ह्यातलं काय मागं पडतं?"

गवत मागे पडत होतं. पिकलेलं भात थांबत नाही, दाणे झडतात. म्हणून आधी भात, आणि गवत उभं राहून पार वाळून काडी झाल्यावर कापायचं. ती काडी बैल वर्षभर खायचे. आषाढात त्यांच्या बरगड्या दिसायच्या, चिखलणीला ते दम टाकायचे, लावणी लांबायची. लावणी लांबली की कापणी लांबायची, आणि कापणी लांबली की गवत पुन्हा मागे. तीन वर्षं ते सगळं असं फिरत होतं, दर फेऱ्याला थोडं जास्त. मी भाताला खत घालत होतो आणि दुखणं गवतात होतं.

"आता सांग," चाचा म्हणाले, "गलबतातला कुटला माल हलंल?" गवत हलत नव्हतं, ते पाऊस संपल्याशिवाय कापता येत नाही. नाचणी हलत नव्हती. ओहोळाकाठचं गरवं भात, म्हणजे उशिरा पिकणारं, तेही हलत नव्हतं. राहिली वरची तीन खाचरं. तिथे हळवं, लवकर पिकणारं भात टाकलं तर ते दसऱ्याच्या आत कापून होईल आणि गवताला हात मोकळे होतील. पण हळवं भात कमी पिकतं. तीन वर्षांपूर्वी आमच्याच खात्याने जास्त पिकतं म्हणून गरव्याचं सुधारलेलं बियाणं वाटलं होतं, आणि तेव्हापासून लक्ष्मी सातही खाचरांत गरवंच लावत होती. मी चाचांना म्हटलं, ज्या बाईची कणगी रिकामी आहे, तिला मी कमी पिकणारं भात पेरायला सांगू?

"सांग. तू खाचर मोजतंस, मी घर मोजतंय."

मी दोन दिवस धीर गोळा करून लक्ष्मीला सांगितलं. ती म्हणाली, "वरच्या खाचरातलं पानी दसऱ्याआदी आटतंच. गरव्याची लोंबी तितं निम्मी पोकळ ऱ्हाते." मी विचारलं, मग आजवर सांगितलं का नाही? ती शांतपणे म्हणाली, "तुमी इचारलंत कदी? तुमी बियानं दिलंत." हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "मी म्हनून सांगितलं, तिला इचार. गलबत कललेलं पयलं कुनाला कळतं? जो त्येच्यात झोपतो त्येला."

त्या वर्षी मी प्रात्यक्षिकाला खाचर घेतलं नाही. कार्यालयात बोलावणं आलं. वरिष्ठांनी विचारलं, "जाधव, हळवं लावा म्हणून सांगत फिरता म्हणे. खातं कमी पिकवायला काढलंय का?" मी जमेल तसं सांगितलं, पण बारा घरांचा नकाशा पडवीत होता आणि मी टेबलापुढे उभा होतो, त्यांना काही ते पटलं नाही. माझ्या नोंदपुस्तकात तांबडा शेरा बसला. चाचांना सांगितल्यावर त्यांनी चाचींना हाक मारून माझ्यासाठी सुरमई तळायला लावली. मासे खायला मी त्याच घरात शिकलो.

पावसाळा झाला. दसऱ्याच्या आत वरची खाचरं कापून झाली, आणि लक्ष्मी न् मुली वरकसात शिरल्या तेव्हा गवत अजून हिरवट होतं. चार उडव्या उभ्या राहिल्या. वरच्या खाचरांत पोकळ लोंब्यांचं प्रमाण कमी झालं, पण काही सोन्याचा धूर निघाला नाही. बैल अजून मागच्या वर्षीच्याच काडीवरचे होते, लावणी लांबलीच होती. शिमगा जवळ येईल तसतसा मी रोज मनात हिशेब करायचो.

सखाराम आला. त्याने कणगीत हात घातला. भात होतं, पण कोपरापर्यंत हात गेला तेव्हा लागलं. अट म्हणाल तर पुरी झाली होती, आणि नाही म्हणाल तर आणखी महिन्याने तीच रिकामी कणगी होती. लक्ष्मी दारात उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

चाचा म्हणाले, "सखाराम, गोठ्यात जा. आमी हितंच हाव."

सखाराम गेला. मी दाराच्या फटीतून बघत होतो, त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. त्याने बैलाच्या कुशीवर हात ठेवला आणि तो मागेपुढे फिरवला. गिरणीत गेला तरी शेतकऱ्याचा मुलगा होता. दर होळीला त्या बैलांच्या बरगड्या त्याने मोजल्या होत्या. आता त्या बोटांना लागत नव्हत्या. मग मागच्या अंगणात जाऊन त्याने गवत बघितलं. दोन उडव्यांना अजून हातही लागलेला नव्हता. काडी मोडून त्याने दातात धरली. परत येऊन पडवीच्या कडेला बसला आणि लक्ष्मीला म्हणाला, "आवंदा लावनी येळेवर आटपंल." मग म्हणाला, "च्या ठेव."

चार दिवसांनी तो बोटीने मुंबईला गेला. एकटा गेला.

त्या आषाढात लक्ष्मीची लावणी वाडीत सगळ्यांआधी झाली. पुढच्या होळीला कणगी अर्धी होती. वाडीतल्या बाकीच्यांनी मला न विचारता वरच्या खाचरांत हळवं टाकलं, आणि न विचारता टाकलं याचाच मला आनंद झाला. पुढे माझी देशावर बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मी चाचांच्या पाया पडलो. ते गडबडले, मला उठवत म्हणाले, "आरं, काय करतंस? लिवनं तुजं, चालनं लक्ष्मीचं. मी नुस्ता बसलो व्हतो." मला रडू आवरलं नाही. एका नोकरीत माणूस एखादी गोष्ट शिकला तरी पुष्कळ म्हणायचं. मी जे काही शिकलो ते त्या सारवलेल्या पडवीत शिकलो, आणि ते शिकवणारा माणूस मला माझ्या चुकीच्या ऐन वेळी भेटला, याबद्दल मी आजही रोज कृतज्ञ आहे.

बदली झाल्यावर दुसऱ्या वर्षी, नवरात्र संपता संपता, एक पोस्टकार्ड आलं. लक्ष्मीची थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली होती. अक्षर तिचं, मजकूर आईचा. लिहिलं होतं:

"चाचा गेले. दोनच दिवस ताप आला होता. आमच्या वाडीतली वरची भातं सगळ्यांची कापून झाली होती, गवत काय, एक दिवस थांबतं. म्हणून सगळे बापये कबरस्तानापर्यंत गेले. घरात कोणी राहिलं नाही. बायका रस्त्याला उभ्या होत्या. आई सांगते, साहेबांना लिही की माणसं पुष्कळ होती."